नोकरीच्या टोकापासून कॉलेजची निवड

रोजगाराभिमुख तांत्रिक शिक्षण देणाऱ्या कॉलेजांची पाच-सहा माहितीपत्रके ओळीने वाचली, तर ती सगळी एकाच हाताने लिहिली असावीत अशी शंका येऊ लागते. अद्ययावत कार्यशाळा, अनुभवी शिक्षकवर्ग, नामवंत उद्योगांशी सामंजस्य करार आणि शंभर टक्के प्लेसमेंट हे मुद्दे जवळजवळ सगळीकडे असतात, त्यामुळे त्यांच्या आधारे एका कॉलेजची दुसऱ्याशी तुलना करताच येत नाही. नव्याने भरती होणाऱ्या तंत्रज्ञांच्या मुलाखती आणि प्रात्यक्षिक चाचण्या घेण्याचे काम अनेक वर्षे माझ्याकडे होते. साहजिकच प्रवेशाचे दिवस आले की ओळखीतले पालक हमखास विचारतात, अमुक कॉलेज चांगले की तमुक. या प्रश्नाला मी सरळ उत्तर देत नाही. कॉलेजपासून सुरुवात करून नोकरीपर्यंत पोहोचण्याऐवजी नोकरीपासून सुरुवात करून मागे कॉलेजपर्यंत यावे, असे माझे मत आहे आणि तेच येथे सविस्तर मांडत आहे.

नोकरीपासून सुरुवात करायची म्हणजे, ज्या कामात शिरायचे आहे त्यात प्रवेश कोणाच्या संमतीने मिळतो, हे सर्वांत आधी शोधायचे. काही कामे परवान्याशिवाय करताच येत नाहीत. काही कामांत प्रमाणपत्र कोणतेही असले तरी उमेदवाराला प्रत्यक्ष चाचणी द्यावी लागते. उरलेल्या कामांत निवड करणाऱ्या माणसाचा अंदाज आणि त्या कॉलेजच्या आधीच्या विद्यार्थ्यांविषयीचा त्याचा अनुभव एवढ्यावरच निर्णय होतो. या तिन्ही प्रकारांत कॉलेजचे महत्त्व वेगवेगळे असते, त्यामुळे त्यांना एकच कसोटी लावून चालत नाही.

परवान्याच्या कामांत कॉलेजला कोणाची मान्यता आहे हा प्रश्न किती निर्णायक ठरू शकतो, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण विमानांच्या देखभालीचे आहे. युरोपीय विमान सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे ईएएसएच्या, नियमांनुसार टर्बाइन विमानांच्या यांत्रिक देखभालीचा बी१.१ हा परवाना मिळवण्यासाठी लेखी परीक्षांबरोबरच प्रत्यक्ष देखभालीचा अनुभव दाखवावा लागतो. कोणतेही संबंधित तांत्रिक प्रशिक्षण न घेतलेल्या उमेदवाराला हा अनुभव ५ वर्षांचा लागतो, तर भाग-१४७ खाली, म्हणजे प्रशिक्षण संस्थांविषयीच्या नियमांखाली, मान्यता मिळालेल्या संस्थेतून २४०० तासांचा मूलभूत अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या उमेदवाराला २ वर्षांचा पुरतो. दोन संस्थांमध्ये शिकवला जाणारा विषय अगदी तोच असला, तरी एकीकडे ही मान्यता आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्या फरकाने विद्यार्थ्याच्या आयुष्यातली काही वर्षे खर्ची पडू शकतात. म्हणून परवान्याच्या क्षेत्रात जाणाऱ्याने कॉलेजच्या संकेतस्थळावरील मान्यतेच्या चिन्हावर विसंबू नये. परवाना देणाऱ्या यंत्रणेची स्वतःची यादी उघडावी, त्या यादीत कॉलेजचे नाव आहे का ते पाहावे, आणि असल्यास नेमक्या कोणत्या अभ्यासक्रमासाठी आहे तेही वाचावे. एका अभ्यासक्रमाला मिळालेली मान्यता संपूर्ण संस्थेला मिळाल्यासारखी जाहिरातीत पसरवण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. ती बेकायदेशीर असेलच असे नाही, परंतु अर्जदाराची दिशाभूल मात्र नक्कीच करते.

चाचणीच्या कामांत चित्र वेगळे असते. वेल्डरचे उदाहरण घ्या. पोलादाच्या फ्यूजन वेल्डिंगसाठी, म्हणजे धातू वितळवून जोडण्यासाठी, वेल्डरची पात्रता ठरवणाऱ्या आयएसओ ९६०६-१ या मानकात ‘हा माणूस वेल्डर आहे’ असे सरसकट काहीच म्हटलेले नसते. कोणती प्रक्रिया, प्लेट की पाइप, किती जाडी, कोणती पोझिशन (जोड कोणत्या स्थितीत ठेवून करायचा), असे तपशील धरूनच पात्रता दिली जाते, आणि ती चालू ठेवायची असेल तर दर ६ महिन्यांनी त्या माणसाचे काम चालू असल्याची पुष्टी व्हावी लागते. पाइप ४५ अंशांत तिरपा पक्का बांधून, तो न फिरवता चहूबाजूंनी करायच्या जोडाला ‘६जी’ म्हणतात, आणि पाइपलाइनच्या कामाची चाचणी बहुधा त्याच अवस्थेत होते. आता ज्या कॉलेजात वर्षभर टेबलावर सपाट ठेवलेल्या पट्ट्याच जोडून घेतल्या जातात, तिथला पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण झालेला विद्यार्थी या चाचणीत टिकत नाही, यात त्याचा दोष नसतो. त्याला त्या अवस्थेत हात बसवण्याची संधीच मिळालेली नसते. अशा क्षेत्रात कॉलेजला विचारायचा प्रश्न एकच असतो, तो म्हणजे ‘तुमचे विद्यार्थी कोणत्या पोझिशनपर्यंत वेल्डिंग करून बाहेर पडतात आणि त्या जोडांची तपासणी कोण करतो?’ उत्तर देणारा क्षणभरही न अडखळता वाकवून पाहण्याच्या चाचणीविषयी किंवा एक्स-रेविषयी बोलू लागला, तर कॉलेजात कामाची बोलणी होतात असे समजावे. तो पुन्हा माहितीपत्रकाकडे वळला, तर उत्तर मिळाल्यासारखेच आहे.

संगणक जाळ्यांच्या कामात कंपन्यांची प्रमाणपत्रे हीच चाचणीची जागा घेतात. त्याबद्दल एवढेच ध्यानात ठेवावे की त्यांना मुदत असते. सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीचे सीसीएनए प्रमाणपत्र ३ वर्षांनी नव्याने मिळवावे लागते. ‘आमच्या शुल्कातच हे प्रमाणपत्र समाविष्ट’ असे सांगितले जाते तेव्हा त्याचा अर्थ परीक्षेचे शुल्क, केवळ तयारीचे वर्ग, की कॉलेजने स्वतः छापलेले त्याच नावाशी मिळतेजुळते प्रशस्तिपत्र, हे लेखी विचारून घ्यावे.

यानंतर येते ती कार्यशाळा, आणि माझ्या दृष्टीने निवडीचा गाभा तिच्यातच आहे. कार्यशाळा पाहायला गेलेले पालक यंत्रे मोजतात. मोजायला हवा तो यंत्रावरचा वेळ. समजा २४ विद्यार्थ्यांच्या तुकडीला ४ लेथ (धातू फिरवून कापण्याची यंत्रे) आहेत आणि प्रॅक्टिकल ३ तासांचे आहे. चार यंत्रांचे मिळून १२ तास होतात, ते २४ जणांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा तास येतो. त्यात जॉब (घडवायचा धातूचा तुकडा) बांधणे, टूल (कापण्याचे हत्यार) लावणे, माप घेणे आणि शेवटी यंत्र पुसणे हे सगळे आले. चारपैकी एक लेथ बंद असला तर हा अर्धा तास साडेबावीस मिनिटांवर येतो. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत त्या दिवशी ‘३ तास’ असेच लिहिलेले असते आणि ते खोटेही नसते. फक्त त्यातले अडीच तास विद्यार्थी दुसऱ्याच्या खांद्यावरून पाहत उभा असतो. पाहूनही शिकता येते, हे खरे आहे. परंतु मायक्रोमीटर या सूक्ष्म माप घेण्याच्या साधनाचा रॅचेट किती फिरवला की थांबायचे, किंवा टूल बोथट झाल्यावर कापण्याचा आवाज कसा बदलतो, या गोष्टी हाताला आणि कानालाच शिकाव्या लागतात. म्हणून ‘एका तुकडीत किती विद्यार्थी, एकाच वेळी किती यंत्रे चालू आणि उरलेले त्या वेळी काय करतात’ हा प्रश्न विचारावा, आणि शक्य झाल्यास प्रवेशाच्या समारंभापेक्षा चालू सत्रातल्या एखाद्या साध्या दिवशी तिथे जावे.

त्या भेटीत पाहण्यासारख्या काही जागा आहेत, ज्या दाखवायला कोणी आपणहून नेत नाही. भंगाराचा डबा त्यांपैकी पहिला. जिथे विद्यार्थी खरोखर काम करतात तिथे धातूचा कीस साठतो, फसलेले जॉब पडलेले असतात, इलेक्ट्रोडची थोटके सापडतात. स्वच्छ आणि रिकामा डबा मला तरी नेहमीच संशयास्पद वाटत आला आहे. मोजमापाच्या साधनांवर कॅलिब्रेशनची, म्हणजे साधन अचूक मोजते का हे तपासल्याची, तारीख लिहिलेली असते, ती चालू आहे का ते पाहावे, कारण ज्या मायक्रोमीटरने विद्यार्थ्याच्या कामाला गुण द्यायचे तोच चुकीचा असेल तर अचूकतेचे सगळे धडे व्यर्थ आहेत. यंत्राशेजारी देखभालीची नोंदवही असते का आणि तिच्यातली शेवटची नोंद कधीची आहे, तेही पाहावे. नवे, महागडे सीएनसी, म्हणजे संगणकीय प्रोग्रॅमवर चालणारे, यंत्र काचेच्या खोलीत ठेवून पाहुण्यांना दाखवायचे आणि विद्यार्थ्यांकडून संगणकावरच्या सिम्युलेटरवरच काम करून घ्यायचे, ही पद्धत आता बरीच रूढ झाली आहे. सिम्युलेटरला माझा विरोध नाही. प्रोग्रॅममधली चूक पडद्यावर सापडली तर यंत्राचे स्पिंडल (फिरणारा मुख्य दांडा) वाचते, आणि सुरुवातीला तेच योग्य. मात्र सिम्युलेटरवर जॉब सैल बांधला जात नाही, टूल झिजत नाही आणि पहिला नग मापात बसला नाही तर ऑफसेट (टूलच्या मापातली दुरुस्ती) किती द्यायचा याचा विचारही करावा लागत नाही, आणि कामावर रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात नेमके हेच करावे लागते.

कार्यशाळा काळाबरोबर आहे का, हे ओळखण्यासाठी प्रत्येक व्यवसायात एखादी ठळक खूण असते. वातानुकूलन आणि शीतकरणाच्या अभ्यासक्रमात ती खूण शीतकाची, म्हणजे यंत्रणेत फिरून थंडावा देणाऱ्या द्रव्याची, आहे. ओझोनच्या थराला हानी पोहोचवणारे आर-२२ हे शीतक माँट्रियल करारानुसार विकसित देशांत २०२० पर्यंत हद्दपार करायचे ठरले होते, आणि विकसनशील देशांसाठी ही मुदत २०३० आहे. त्याच्या जागी आलेले आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, तर आर-२९० म्हणजे प्रोपेनच, जो सहज पेट घेतो. त्यामुळे केवळ सिलिंडर बदलून भागत नाही. गळती शोधण्याची, शीतक काढून घेण्याची आणि नळीला ब्रेझिंग (वितळलेल्या मिश्रधातूने सांधणे) करण्यापूर्वी यंत्रणा रिकामी करून नायट्रोजन फिरवण्याची सगळी शिस्तच बदलते. ज्या प्रयोगशाळेत अजून आर-२२ चीच यंत्रे आहेत आणि ज्वलनशील शीतकांचा उल्लेख फक्त वहीत आहे, तिथून बाहेर पडलेला विद्यार्थी अर्धवट तयार असतो आणि स्वतःसाठी धोकादायकही असतो. मोटार दुरुस्तीच्या अभ्यासक्रमात असाच प्रश्न विद्युत वाहनांबद्दल विचारता येतो: बॅटरीचा उच्च दाबाचा पुरवठा तोडून, तो खरोखर तुटला आहे हे मोजून खात्री करण्याची कृती विद्यार्थी स्वतः करतात, की भिंतीवरच्या तक्त्यावर पाहतात?

शिक्षकांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण याबाबत बाहेरच्या माणसाला फार काही कळू शकत नाही. पदव्यांच्या यादीपेक्षा शिकवणाऱ्याने तो व्यवसाय स्वतः केला आहे का आणि तो शेवटचा कधी केला, हे विचारावे. प्रात्यक्षिक कोण घेते हेही विचारावे, कारण वर्गात शिकवणारे प्राध्यापक आणि कार्यशाळा सांभाळणारे निदेशक वेगवेगळे असतात आणि विद्यार्थ्याचा हात घडवणारा माणूस बहुधा दुसरा असतो. निदेशक दरवर्षी बदलत असतील तर त्या कार्यशाळेची शिस्त टिकत नाही.

आता प्लेसमेंटच्या आकड्याकडे वळू. लोक निवडीची सुरुवात या आकड्यापासून करतात. मी तो शेवटी पाहतो, कारण इतका लवचिक आकडा दुसरा क्वचितच असेल. अमेरिकेतील कोरिंथियन कॉलेजेस या व्यापारी शिक्षणसमूहाचे प्रकरण या संदर्भात वाचण्यासारखे आहे. त्या समूहातील हील्ड कॉलेजवर अमेरिकेच्या शिक्षण विभागाने एप्रिल २०१५ मध्ये सुमारे ३ कोटी डॉलरचा दंड ठोठावला. प्लेसमेंटचे ९४७ दर चुकीचे सांगितल्याचे विभागाचे निष्कर्ष होते, आणि ते कसे फुगवले गेले याचे तपशील बोधप्रद आहेत. आपल्याच पदवीधरांना कॉलेजने तात्पुरत्या नोकऱ्या देणाऱ्या एजन्सींना पैसे देऊन कॉलेजच्याच आवारात अवघ्या दोन दिवसांच्या कामावर घेतले, त्यांच्याकडून संगणक हलवणे आणि तारा आवरणे अशी कामे करून घेतली, आणि त्यांची नोंद ‘स्वतःच्या क्षेत्रात नोकरी मिळाली’ अशी केली. लेखाशास्त्राचा अभ्यासक्रम २०११ मध्ये पूर्ण केलेल्या एका विद्यार्थिनीला तिच्या क्षेत्रात नोकरी असल्याचे दाखवले होते. ती नोकरी फास्ट फूडच्या दुकानातली होती आणि तिने ती २००६ पासूनच धरलेली होती. दंड झाला त्याच महिन्यात समूहाने आपली उरलेली कॉलेजे बंद केली. तिथल्या ५ लाख ६० हजार कर्जदारांची ५८० कोटी डॉलरची शैक्षणिक कर्जे माफ करण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला तो २०२२ मध्ये, म्हणजे पुढची ७ वर्षे गेल्यावर.

प्रत्येक कॉलेज इतक्या थराला जाते असे मला सुचवायचे नाही. बहुतेक ठिकाणी खोटे बोलण्याची गरजच पडत नाही, कारण भागाकारातला छेद बदलला की काम भागते. शंभरांनी प्रवेश घेतला, सत्तर जण अभ्यासक्रम पूर्ण करू शकले, त्यांपैकी पन्नास जणांनी प्लेसमेंटसाठी नाव नोंदवले आणि पंचेचाळिसांना नियुक्तिपत्र मिळाले, तर कॉलेज ९० टक्के म्हणते आणि ते हिशेबाने बरोबरच असते. प्रवेश घेणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तो ४५ टक्के असतो, कारण प्रवेशाच्या दिवशी आपण शंभरांपैकी एक असतो, पन्नासांपैकी नव्हे. म्हणून आकडा ऐकल्याबरोबर तीन गोष्टी विचाराव्यात: छेदात कोण धरले आहेत, नोकरी त्याच व्यवसायातली आहे का, आणि वर्षभरानंतर त्यांपैकी किती जण त्याच कामावर आहेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर फारच थोड्या संस्थांकडे असते. ज्यांच्याकडे असते त्या आपल्या माजी विद्यार्थ्यांची खबरबात ठेवतात, आणि माझ्या लेखी ही गोष्ट टक्केवारीपेक्षा मोलाची आहे. सर्वाधिक पगाराचा जो एक आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, त्याकडे पूर्ण दुर्लक्ष करावे. मधल्या विद्यार्थ्याला किती मिळाले ते विचारावे.

उद्योगांशी असलेल्या संबंधांची परीक्षाही अशीच करावी लागते. सामंजस्य करार ही भिंतीवर लावायची वस्तू असू शकते, आणि तो विद्यार्थ्याच्या वेळापत्रकातला खरा बदलही असू शकतो. जर्मनीत १९६९ च्या व्यवसाय प्रशिक्षण कायद्याखाली चालणाऱ्या दुहेरी पद्धतीत विद्यार्थी आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत काम करत शिकतो आणि उरलेला वेळ व्यवसाय शाळेत जातो. त्याचा कंपनीशी लेखी करार असतो, त्याला विद्यावेतन मिळते आणि अंतिम परीक्षा उद्योगमंडळासारखी बाहेरची संस्था घेते. भारतातही शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे. प्रत्येक ठिकाणी अशी रचना उपलब्ध असणार नाही, परंतु कोणत्याही कॉलेजला विचारण्याजोगे प्रश्न तिच्यातून मिळतात. विद्यार्थी उद्योगात किती आठवडे असतो? तिथे त्याने काय शिकावे याचा लेखी आराखडा आहे का? तिथे त्याच्यावर देखरेख करणारी ठराविक व्यक्ती असते का? त्या काळाचे मूल्यमापन कोण करतो? या प्रश्नांची उत्तरे नसतील, तर औद्योगिक प्रशिक्षण म्हणजे बहुधा गोदामात खोकी मोजणे किंवा कार्यालयात फायली लावणे एवढेच असते, आणि विद्यार्थी शेवटी दुसऱ्याचा अहवाल उतरवून जमा करतो.

एका बाबतीत माझे मत अनेकांना जुनाट वाटते. रोजगाराभिमुख म्हणून ज्या अभ्यासक्रमांची जाहिरात होते, त्यांत गणित आणि अभियांत्रिकी रेखाचित्र यांना कात्री लावून त्यांच्या जागी व्यक्तिमत्त्व विकास आणि मुलाखत तंत्र घुसवण्याकडे कल असतो. मुलाखतीला बसल्यावर मला नेमका याचाच त्रास होत असे. उमेदवार आत्मविश्वासाने बोलत असे, पण समोर ठेवलेले रेखाचित्र प्रथम कोन प्रक्षेपात आहे की तृतीय कोन प्रक्षेपात (वस्तूची दृश्ये कागदावर मांडण्याच्या या दोन पद्धतींत त्यांच्या जागा उलट असतात), हे त्याला सांगता येत नसे, आणि मग भोक जॉबच्या कोणत्या बाजूला पाडायचे याविषयी तो तितक्याच आत्मविश्वासाने चुकत असे. शिवाय व्यवसायातली यंत्रे बदलत राहतात. आज शिकलेले एखादे विशिष्ट कंट्रोलर (यंत्र चालवणारी नियंत्रण प्रणाली) काही वर्षांत मागे पडते, तेव्हा नव्या यंत्राची पुस्तिका वाचून समजून घेण्यासाठी हाताशी उरते ते मूलभूत शास्त्र आणि चित्र वाचण्याची सवय. अभ्यासक्रमाच्या तासांची वाटणी मागवून घ्यावी आणि या दोन विषयांना किती तास दिले आहेत ते पाहावे. ज्याला पुढे पदविका किंवा पदवी करण्याची इच्छा होऊ शकते, त्याने इथे मिळालेले श्रेयांक पुढच्या संस्थेत धरले जातात का, हे त्या पुढच्या संस्थेलाच विचारावे, या कॉलेजला नव्हे.

पैशांच्या बाबतीत शुल्काच्या रकमेइतकाच महत्त्वाचा असतो तो बाहेर पडण्याचा मार्ग. पहिल्याच महिन्यात अभ्यासक्रम झेपत नाही असे कळले तर किती शुल्क परत मिळेल, मूळ कागदपत्रे कॉलेज अडवून ठेवते का, आणि संस्था मध्येच बंद पडली तर विद्यार्थ्यांची सोय कोण लावणार, हे सही करण्यापूर्वी वाचायचे असते. अमेरिकेतच आयटीटी टेक्निकल इन्स्टिट्यूट या मोठ्या साखळीने सप्टेंबर २०१६ मध्ये आपली शंभराहून अधिक केंद्रे एकदम बंद केली, तेव्हा हजारो विद्यार्थ्यांचे शिक्षण अर्ध्यावर तुटले. ‘आजच नाव नोंदवले तर सवलत, उद्या जागा राहणार नाही’ असा तगादा लावला जात असेल, तर करारनामा घरी नेऊन वाचण्यासाठी दोन दिवस मागावेत. ते देण्यास नकार मिळाला तर त्या कॉलेजबद्दल आणखी चौकशी करण्याचे कारण उरत नाही.

एवढे सगळे पाहून झाल्यावर दोन-तीन कॉलेजे उरतात आणि त्यांच्यातला फरक कागदावर दिसेनासा होतो. अशा वेळी माजी विद्यार्थ्यांशी बोलावे, परंतु कॉलेजने पुढे केलेल्या विद्यार्थ्यांशी नव्हे. ज्या कंपनीत काम करायची इच्छा आहे तिथल्या कार्यशाळेत त्या कॉलेजचा कोणी आहे का ते शोधावे. दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेला असेल तर उत्तम, कारण त्याला कॉलेज अजून आठवत असते आणि नोकरीही पुरती कळलेली असते. ‘कॉलेज कसे आहे’ असे त्याला विचारू नये, त्याचे उत्तर भिडेपोटी चांगलेच येते. रुजू झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत कोणकोणत्या गोष्टी नव्याने शिकाव्या लागल्या, एवढेच विचारावे आणि त्याने सांगितलेली यादी लिहून घ्यावी. त्या कंपनीच्या खास पद्धती यादीत असतील तर ठीक. मापे घेणे, टूल घासणे किंवा मल्टिमीटर लावणे यांसारख्या गोष्टी निघाल्या, तर दुसऱ्या कॉलेजचा फोन नंबर शोधायला लागावे.